अफलातून आपल्या घरातला

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालकांपुढे दिलेले भाषण)





‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची ओळख’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या चिटणीस साहेबांची सूचना आली तेव्हा मी थोडा बिचकलो. विषय अवघड म्हणून नव्हे. हा विषय आपल्या समाजातल्या किती जणांना आपला वाटेल, ही शंका मनात आली म्हणून. परंतु त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली आणि मी होकार कळवला.

आपल्याच संस्थेतून शिकून कॉलेजात गेलेल्या एका मुलाचे वडील माझ्या घरी आले. फळांचा व्यापार करणारे, सरळ मनाचे गृहस्थ. चहा झाला. मग ते म्हणाले, “सर, पोरगं बी. ए. ला फिलॉसॉफी घ्यायचं म्हणतंय. त्यानं पोट भरंल का न्हाई, ते मी बघून घेतो. पर ते शिकून पोरगं नमाज सोडंल काय, तेवढं खरं खरं सांगा.”

मी त्यांना ताबडतोब उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी सांगतो, असे म्हणालो. आजचे हे भाषण म्हणजे त्या गृहस्थांना द्यावयाचे उत्तर आहे, असे आपण समजावे. त्यांच्यासारखा प्रश्न मनात असलेले अनेक पालक या सभागृहात बसले असतील, याची मला खात्री आहे.

मित्रहो, प्रथम आपल्या घरातल्या बोलीकडे पाहू. एखादा मुलगा फार शहाणपणा करू लागला की आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायका म्हणतात, “मोठा अफलातून लागून गेलास!” हा अफलातून म्हणजे कोण? ज्याला इंग्रजी पुस्तकात प्लेटो म्हणतात, तोच. आपण ज्याला अरस्तू म्हणतो तो ॲरिस्टॉटल. आपल्याकडे यूनानी दवाखाना असतो, तेथे हकीम बसतो. यूनान म्हणजे ग्रीस. हकीम या शब्दाचा अर्थ वैद्य असा आहे, तसाच ज्ञानी पुरुष असाही आहे. ‘फलसफा’ हा आपला शब्द ‘फिलॉसॉफी’ याच ग्रीक शब्दाचे अरबी रूप. जो पाहुणा परका म्हणून आपण दारात उभा केला आहे, त्याचे नाव आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या घेतले जात आहे. तो दूरच्या प्रवासाला गेलेला घरचाच माणूस आहे आणि आता वेगळा पोषाख करून परत आला आहे. त्याच्या या प्रवासाची हकीकत मी आज सांगणार आहे.

हकीकत सुरू होते अथेन्स शहरात. सॉक्रेटिस हा पाथरवटाचा मुलगा, त्याची आई सुईणीचे काम करी. त्याने एक ओळही लिहून ठेवली नाही. बाजारात उभे राहून तो लोकांना प्रश्न विचारी. सेनापतीला विचारी, शौर्य म्हणजे काय? धर्माच्या नावाने खटला भरायला निघालेल्या माणसाला विचारी, धर्माचरण म्हणजे काय? प्रत्येकाला आधी वाटे की आपल्याला उत्तर ठाऊक आहे. चार प्रश्नांनंतर कळे की ठाऊक नाही. आपले अज्ञान ओळखणे हीच ज्ञानाची पहिली पायरी, हा त्याचा धडा. तरुणांना बिघडवतो आणि नगराचे देव मानत नाही, असे आरोप त्याच्यावर ठेवून इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याला विषाचा प्याला देण्यात आला. पळून जाण्याची सोय मित्रांनी केली होती, पण तो गेला नाही. ‘हा मुलगा प्रश्न विचारून बिघडेल’ ही भीती इतकी जुनी आहे, हे या ठिकाणी लक्षात घ्यावे.

त्याचा शिष्य प्लेटो. त्याचा मुख्य विचार एका दृष्टान्तात आला आहे. एका गुहेत माणसे जन्मापासून जखडून ठेवली आहेत. त्यांच्या पाठीमागे विस्तव आहे आणि समोरच्या भिंतीवर फक्त सावल्या हलताना दिसतात. त्यांना वाटते, हेच जग. एखाद्याची सुटका होऊन तो बाहेर सूर्यप्रकाशात आला, तर प्रथम त्याचे डोळे दिपतील आणि परत जाऊन त्याने सांगितले तर आतले लोक त्याला वेडा ठरवतील. कोल्हापूर हे सिनेमाचे गाव आहे, तेव्हा आपल्याला हे समजणे अवघड जाऊ नये. जन्मभर थिएटरात बसून राहिलेल्या माणसाला पडद्यावरची चित्रेच खरी वाटणार. डोळ्यांना दिसते त्याच्यापलीकडे बुद्धीने पाहावयाचे काही सत्य आहे, हा प्लेटोचा सिद्धान्त.

ॲरिस्टॉटल त्याच्या अकादमीत वीस वर्षे शिकला आणि गुरूशी मतभेद करून उभा राहिला. तो म्हणाला, सत्य शोधायला दुसऱ्या लोकात जाण्याचे कारण नाही, समोरची वस्तू नीट पाहा. कोणतीही वस्तू समजून घ्यायची तर चार गोष्टी विचारा. आपली कोल्हापुरी चप्पल घ्या. ती कशाची आहे? कातड्याची. तिचा आकार, घाट कोणता? ती कोणी केली? आणि ती कशासाठी आहे? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे चप्पल समजली. नीतीच्या बाबतीत त्याने मध्यम मार्ग सांगितला. भित्रेपणा एका टोकाला, आततायीपणा दुसऱ्या टोकाला, शौर्य मध्ये. परंतु हा मध्य फूटपट्टीने मोजून काढता येत नाही. गुऱ्हाळावर काहील कोणत्या क्षणी उतरवायची, हे गुळव्याला अनुभवाने कळते. लवकर उतरवली तर गूळ धरत नाही, उशीर केला तर करपतो. चांगले वागणे हीसुद्धा अशीच सरावाने येणारी जाण आहे, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे. याशिवाय तर्कशास्त्राची घडी त्याने बसवून दिली. त्या तर्कशास्त्राकडे मी पुन्हा येणार आहे.

मग ग्रीक विद्येला उतरती कळा लागली. इ. स. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियन याने अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकविण्यास मनाई केली. तेथील काही पंडित आश्रयासाठी कोणाकडे गेले? इराणचा बादशहा खुस्रो याच्याकडे. न्यायी राजा म्हणून ज्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या, तो नौशेरवान तो हाच. ते पंडित तेथे फार काळ राहिले नाहीत, परंतु विद्येची दिशा कळून आली. पुढे तीनशे वर्षांनी बगदादमध्ये खलीफा मामूनच्या काळात ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे मोठ्या प्रमाणावर झाली. या कामातील सर्वांत नावाजलेला भाषांतरकार हुनैन इब्न इस्हाक हा ख्रिस्ती होता. ग्रंथ ग्रीकांचे, भाषांतरकार ख्रिस्ती, आश्रय देणारा मुसलमान. सत्य कोणाकडूनही आले, परक्या लोकांकडून आले, तरी ते घेण्यात कमीपणा नाही, असे अरबांचा पहिला तत्त्वज्ञ अल्-किंदी याने त्या काळात बजावून सांगितले होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट सांगतो. इब्न सीना हा जगप्रसिद्ध हकीम. इ. स. ९८० ते १०३७ हा त्याचा काळ. त्याने वैद्यकावर लिहिलेला ग्रंथ युरोपात कित्येक शतके शिकवला जात होता. एवढ्या बुद्धिमान माणसाने आपल्या आत्मवृत्तात कबूल केले आहे की ॲरिस्टॉटलचा सत्तामीमांसेवरचा ग्रंथ आपण चाळीस वेळा वाचला, तो पाठ झाला, पण समजला नाही. मग एके दिवशी बाजारात एक विक्रेता गळ्यात पडला म्हणून त्याने तीन दिरहमला एक छोटे पुस्तक घेतले. ते अल्-फाराबीचे होते. ते वाचताच सारा ग्रंथ उलगडला. दुसऱ्या दिवशी त्याने आनंदाने गोरगरिबांना दानधर्म केला. तेव्हा एखादा धडा दोनदा वाचून समजला नाही म्हणून पुस्तक मिटणाऱ्यांनी ही चाळीसची संख्या ध्यानात ठेवावी.

आता पालकांच्या प्रश्नाच्या जवळ येतो. तत्त्वज्ञानाला कडाडून विरोध करणारे इमाम गझाली आपल्या सर्वांना वंदनीय आहेत. ‘गझालींनीच फलसफ्याचे खंडन केले आहे, मग तो शिकायचा कशाला?’ असे मला पुष्कळदा ऐकावे लागते. खंडन त्यांनी केले, ही गोष्ट खरी. पण ते कसे केले? बगदादच्या निजामिया विद्यालयात अध्यापक असताना त्यांनी तत्त्वज्ञांचे ग्रंथ मुळापासून वाचून काढले. आधी त्यांची मते स्पष्ट मांडणारे एक स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्यानंतर त्यांचे खंडन करणारे दुसरे. पहिल्या पुस्तकात त्यांनी विरोधकांची बाजू इतकी प्रामाणिकपणे मांडली होती की ते लॅटिनमध्ये गेल्यावर युरोपातील लोक गझालींनाच त्या पंथाचे तत्त्वज्ञ समजू लागले! विरोध कसा करावा, याचा याहून मोठा धडा कोणता? न वाचता केलेला विरोध हा गझालींचा मार्ग नव्हे.

इमाम साहेबांच्या जीवनात अशी एक वेळ आली की त्यांना कशाचीच खात्री वाटेना. डोळ्याला तारा नाण्याएवढा दिसतो, गणित सांगते तो पृथ्वीहून मोठा आहे. म्हणजे इंद्रिये फसवतात. मग बुद्धीही फसवत नसेल कशावरून? स्वप्नात असताना स्वप्न खरेच वाटते. या अवस्थेतून परमेश्वराने हृदयात टाकलेल्या प्रकाशाने आपण बाहेर आलो, असे ते म्हणतात. पाचशे वर्षांनी फ्रान्समध्ये देकार्त याने हीच शंका घेतली. इंद्रिये फसवतात, स्वप्नात आणि जागेपणात फरक कसा करावा? तो बाहेर आला वेगळ्या वाटेने. मी सर्व गोष्टींविषयी शंका घेऊ शकतो, पण शंका घेणारा मी आहे, याविषयी शंका घेऊ शकत नाही. १६३७ आणि १६४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांपासून आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञान सुरू झाले, असे मानतात. एकाच शंकेच्या दारातून एक श्रद्धेकडे गेला, दुसरा विज्ञानाकडे, आणि देकार्तनेही परमेश्वराचे अस्तित्व सिद्ध करण्याचा प्रयत्न केलाच. तेव्हा शंका आली म्हणजे ईमान गेले, असे समीकरण मांडण्याचे कारण नाही. आपल्यातले शिकलगार बंधू सुरीला धार लावतात तेव्हा दगडावर सुरी घासली जाते, ठिणग्या उडतात. त्याने सुरी मोडत नाही.

गझालींना उत्तर दिले इब्न रुश्द यांनी. स्पेनमधील कुर्तुबा शहरी ११२६ साली त्यांचा जन्म. ते काझी होते, काझींच्या घराण्यातले होते, म्हणजे शरीयतचे जाणकार. युक्तिवाद त्यांनी न्यायाधीशासारखाच केला. सृष्टीकडे पाहून विचार करा, असे कुराण शरीफ वारंवार सांगते. विचार करायला तर्काचे साधन लागते. ते साधन आपल्या धर्मात नसलेल्या प्राचीन लोकांनी तयार केले असेल तर ते वापरावे की नाही? ते विचारतात, कुर्बानीची सुरी कोणी घडवली, त्याचा धर्म कोणता, हे आपण पाहतो का? सुरी योग्य आहे की नाही, एवढेच पाहतो. आणि फलसफा वाचून कोणी वाट चुकला म्हणून तो सर्वांना बंद करावा, असे म्हणणाऱ्यांना त्यांचे उत्तर असे की पाणी पिताना कोणी ठसका लागून मेला, म्हणून तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणे शहाणपणाचे नाही.

इब्न रुश्द यांचे शेवटचे दिवस सुखाचे गेले नाहीत. ११९५ साली त्यांना हद्दपार करण्यात आले, त्यांचे ग्रंथ जाळण्यात आले. हे काम परक्यांनी केले नाही, आपल्याच लोकांनी केले, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. पुढे त्यांची मर्जी पुन्हा संपादन झाली, पण लवकरच, ११९८ मध्ये, मराकेश येथे ते निवर्तले. त्यांचा देह कुर्तुब्याला नेला तेव्हाचे एक दृश्य सूफी संत इब्न अरबी यांनी पाहून लिहून ठेवले आहे. जनावराच्या पाठीवर एका बाजूला त्यांचा देह होता आणि तोल सांभाळण्यासाठी दुसऱ्या बाजूला त्यांनीच लिहिलेले ग्रंथ बांधले होते.

तो देह कुर्तुब्याला राहिला, ग्रंथ मात्र पुढे गेले. तोलेदो आदी शहरांत अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतरे होऊ लागली होती. पॅरिसच्या विद्यापीठात ॲरिस्टॉटल शिकायचा तो इब्न रुश्दच्या भाष्यासह. ख्रिस्ती धर्माचे महापंडित संत थॉमस अक्वायनस त्यांचा उल्लेख नुसता ‘भाष्यकार’ असा करतात, नाव घेण्याची गरजच नसे. तेथेही भीती होतीच. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरवली, त्यांत या परंपरेतली पुष्कळ होती. परंतु ग्रंथ थांबले नाहीत. पोपच्या राजवाड्यात राफाएल याने ‘अथेन्सचे विद्यापीठ’ हे प्रसिद्ध चित्र रंगवले. त्यात प्लेटो-ॲरिस्टॉटलच्या मेळाव्यात एक फेटेवाला माणूस वाकून पाहताना दिसतो. तो इब्न रुश्द, असे मानले जाते.

यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो. स्पिनोझा हा ॲमस्टरडॅमचा ज्यू. परमेश्वर आणि निसर्ग वेगळे नाहीत, अशी त्याची धारणा. त्याच्या समाजाने १६५६ साली त्याला बहिष्कृत केले. भिंगे घासून त्याने पोट भरले, पण मत सोडले नाही. इंग्लंडात लॉक म्हणाला, जन्मतः मन कोऱ्या कागदासारखे असते, सारे ज्ञान अनुभवातून येते. स्कॉटलंडचा ह्यूम आणखी पुढे गेला. अग्नीजवळ कापूस नेला की तो जळतो. आपल्याला एकामागून एक घडलेल्या दोन घटना दिसतात, त्यांना जोडणारी बळजबरी दिसत नाही. ती आपण सवयीने मानतो. कापूस आणि विस्तवाचा हा दाखला मी मुद्दाम घेतला, कारण तो इमाम गझालींचा आहे. त्यांनी सहाशे वर्षांपूर्वी हेच दाखवले होते, आणि जाळणारा अग्नी नसून परमेश्वर आहे, असा निष्कर्ष काढला होता.

जर्मनीच्या कांटने या दोन पक्षांचा मेळ घातला. पुन्हा गुऱ्हाळात चला. रस उसाचा असतो, पण ढेपेला आकार येतो तो साच्याचा. आपले ज्ञानही असेच. माल अनुभवातून येतो, आकार आपले मन देते. १७८१ सालचा त्याचा ग्रंथ आजही जाणकारांना घाम फोडतो. परंतु त्याच्या दोन गोष्टी कोणालाही समजतील. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नका, ही एक. स्वतःच्या बुद्धीने विचार करण्याचे धैर्य बाळगा, ही दुसरी.

येथवर आलेली वाट कोल्हापुरात कशी शिरली, ते आता पाहू. इंग्लंडच्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली विचारस्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिला. एकटा माणूस साऱ्या जगाविरुद्ध बोलत असला तरी त्याचे तोंड बंद करू नये, कारण तो कदाचित बरोबर असेल आणि चूक असला तरी त्याच्याशी वाद केल्याने आपले सत्य ताजे राहील, असा त्याचा विचार. या मिलचे ग्रंथ मन लावून वाचणारा तरुण म्हणजे कऱ्हाडजवळच्या टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर. कोल्हापूरच्या छत्रपतींना होणाऱ्या जाचाविषयी केसरी-मराठात लेखन प्रसिद्ध झाले म्हणून १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे ‘सुधारक’ पत्रातून आगरकरांनी बुद्धिवाद महाराष्ट्राच्या दारोदार नेला. वामन मल्हार जोशी कोल्हापुरातल्या ‘विश्ववृत्त’ मासिकाशी संबंधित होते. त्यातील एका लेखाबद्दल १९०८ साली त्यांना शिक्षा झाली. पुढे त्यांनीच सॉक्रेटिसाचे संवाद मराठीत आणले. तुरुंगात प्राण दिलेल्या माणसाचे शब्द तुरुंग भोगलेल्या माणसाने आपल्या भाषेत आणले.

राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव घेतल्याशिवाय या गावात कोणतीही शिक्षणाची गोष्ट पुरी होत नाही. १९०६ साली त्यांच्या पुढाकाराने मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था आणि दसरा चौकातील बोर्डिंग उभे राहिले. कुराणाचे मराठी भाषांतर व्हावे म्हणून त्यांनी पैशाची मदत केली. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी त्यांच्या संस्थानात माणगाव येथे परिषद झाली. तिचे अध्यक्ष तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाचे विद्यार्थी होते. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची पद्धत नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, ही ड्यूईची शिकवण. ती माणगावच्या मांडवापर्यंत आली होती. आणि आपल्या घराघरांत ज्यांचे शेर म्हटले जातात ते डॉ. इक्बाल? केंब्रिजला त्यांनी तत्त्वज्ञान शिकले, म्युनिकची डॉक्टरेट घेतली आणि आपल्या व्याख्यानांत गझाली आणि कांट यांना शेजारी बसवून दोघांची तुलना केली.

आता एका नाजूक विषयावर बोलतो, आणि मागे बसलेल्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. प्लेटोच्या राज्यविषयक ग्रंथावर भाष्य करताना इब्न रुश्द यांनी लिहिले आहे की स्त्रियांची खरी पात्रता आपल्या शहरांत कळतच नाही, कारण त्यांना केवळ मुले वाढवण्यापुरते ठेवले जाते. शहरांच्या दारिद्र्याचे हे एक कारण आहे, असेही त्यांनी म्हटले. हे बाराव्या शतकात, एका काझीने! मिलने १८६९ साली स्त्रियांच्या परवशतेवर ग्रंथ लिहिला, त्यात हाच विचार आहे. स्त्रीचा स्वभाव म्हणून जे दाखवले जाते ते दडपणाखाली घडवलेले रूप आहे. आगरकरांनी तो मुद्दा मराठीत मांडला. ज्या बापाला मुलीला दहावीनंतर शिकवायचे नाही, त्याने ‘ही पाश्चात्त्यांची थेरं’ असे म्हणू नये. मिलच्या आधी सातशे वर्षे आपल्या काझी साहेबांनी हा निवाडा देऊन ठेवला आहे.

आता त्या गृहस्थांना उत्तर देतो. ते आज येथे आले आहेत, हे मी पाहिले आहे.

भाईसाहेब, तुमचा मुलगा नमाज सोडणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही. देतो म्हणालो तर ते खोटे होईल. फिलॉसॉफीचे पान न उलटलेली पोरेही नमाज सोडतात, हे आपण दोघेही पाहतो. मी एवढेच सांगू शकतो की तो जे शिकेल ते परक्याचे नसेल. आपल्या मौलवी साहेबांना विचारा. दर्स-ए-निजामीच्या अभ्यासक्रमात मंतिक शिकवतात आणि ‘ईसागोजी’ नावाचे पुस्तक लावतात. हे मंतिक म्हणजे मघाशी सांगितलेले ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र. मदरशात जे चालते ते कॉलेजात गेल्याने हराम होत नाही.

मात्र एक गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. मुलगा प्रश्न घेऊन घरी येईल. कदाचित जेवताना विचारील, कदाचित चार माणसांत विचारील. त्या वेळी ‘गप्प बस’ म्हणू नका. उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण विचारू’ म्हणा. हे म्हणणाऱ्या बापाची मान खाली जात नाही. सॉक्रेटिसचा सारा मोठेपणा या एका वाक्यात होता. घरात प्रश्नाला जागा मिळाली तर मुलगा घरात राहील. न मिळाली तर प्रश्न तो बाहेर घेऊन जाईल, आणि बाहेर कोण त्याला काय उत्तर देईल, ते आपल्या हातात नाही.

इब्न रुश्द यांचे एक म्हणणे मला आज पटत नाही, तेही सांगून टाकतो. हा अभ्यास मोजक्या लायक लोकांनीच करावा, सर्वसामान्यांपुढे मांडू नये, असे ते म्हणत. त्यांच्या काळी ते ठीक असेल. आज आपण सारे मतदार आहोत. दररोज कोणी ना कोणी आपल्याला काहीतरी पटवू पाहतो. भाषणातला कोणता दावा पुराव्याचा आणि कोणता नुसत्या आवाजाचा, हे ओळखण्याची गरज भाजी विकणाऱ्याला आहे, तशीच प्राध्यापकालाही आहे. अल्पसंख्य समाजाला तर ती अधिक आहे. आपल्याविषयी कोणी खोटे बोलले तर त्याला ओरडून उत्तर देण्यापेक्षा मुद्द्याने उत्तर देणारी मुले आपल्याला हवी आहेत, आणि आपल्यातलाच कोणी चुकत असेल तर त्यालाही मुद्द्याने सांगणारी हवी आहेत.

मित्रहो, यासाठी इंग्रजीच आले पाहिजे असे नाही. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान-महाकोश १९७४ साली निघाला. ग. ना. जोशी यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास मराठीत तीन खंडांत लिहिला. संस्थेच्या चालकांना माझी नम्र विनंती आहे की ही पुस्तके आपल्या ग्रंथालयात आणावीत, आणि त्यांच्या शेजारच्या फळीवर गझाली, इब्न रुश्द आणि इक्बाल ठेवावेत. ते पूर्वीही एकमेकांशी बोलत होते. पुन्हा बोलू लागतील.

इब्न रुश्दच्या अखेरच्या प्रवासाचे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला त्याची पुस्तके, आणि त्यामुळे तोल सांभाळलेला. आपल्या मुलांनी तो तोल जिवंतपणी सांभाळावा, एवढीच माझी दुआ आहे.